ओढून बघणारे मिस्त्री

कुठलीही वायर हातात आली की मिस्त्री आधी ती ओढायचे. एक पाय बंपरला टेकवायचा, दोन्ही हातांनी हिसका द्यायचा आणि टोकाकडे संशयाने बघत म्हणायचं, "आता धरलीय. उद्याचं काय सांगता येत नाय."

कुंभवलीत त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एक जुनी मिनीबस घेतली. तिच्यात पलंग, ओटा, पंखा असं बिऱ्हाड थाटून बायकोसह कच्छ गाठायचं होतं. त्यासाठी मी इतके व्हिडिओ पाहिले होते की मिस्त्रींना चार गोष्टी शिकवाव्या लागतील, अशी माझी समजूत होती.

"तुमच्या त्या व्हिडिओवाल्याला विचारा सर, त्याची गाडी अजून हाय का?" एवढंच ते म्हणाले.

बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत अंगठ्याएवढ्या जाड केबली टाकायच्या होत्या. प्रत्येक टोकावर लग, म्हणजे तांब्याची टोपी, चढवून ती यंत्राने दाबून बसवायची. माझ्या मते हे एका दुपारचं काम. मिस्त्रींनी तीन आठवडे लावले. योग्य मापाचा साचा मिळेपर्यंत चार दिवस ते नुसते बसून राहिले. एक लग किंचित सैल वाटला, तर केबलसकट कापून टाकला.

"सैल बसला तर तापणार. तापला तर तुमची गादी पेटणार." हे ते मुद्दाम बायकोसमोर सांगायचे, त्यामुळे मला घाई करायची सोय राहिली नव्हती.

शेवटचं एक टोक राहिलं आणि मिस्त्री भाचीच्या लग्नाला सफाळ्याला गेले. इकडे निघायचा दिवस मी सगळ्या नातेवाइकांना कळवून बसलो होतो. ते टोक मीच दाबलं, पक्कड आणि हातोडीने. वरून काळी टेप इतकी सुबक गुंडाळली की माझं मलाच कौतुक वाटलं.

निघायच्या सकाळी अंगणात पाहुणे जमले. मेहुणा आला होता. त्याचा तारापूरला छोटा कारखाना आहे. नव्या शेडचं वायरिंग मिस्त्रींना द्यायचं, हे मीच त्याच्या गळी उतरवलं होतं. वहिनींनी गाडीला ओवाळलं, तेवढ्यात लग्नातले लाडू घेऊन मिस्त्री आले आणि थेट गाडीत शिरले. टेप दिसताच त्यांनी मेन स्विच बंद केला आणि केबल ओढली. ती लगातून सुटून सरळ हातात आली.

"हे काय मिस्त्री?" मेहुणा भडकला. "असलं काम करता? माणसं जळाली असती!"

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी गाडीपुढे फोडायला आणलेल्या नारळाकडे पाहत होतो.

"ऱ्हायलं होतं, साहेब," ते मेहुण्याला म्हणाले. "आता करतो."

तासाभरात नवा लग दाबून झाला आणि आम्ही निघालो. शेडचं काम मेहुण्याने दुसऱ्याला दिलं. कच्छच्या रणात पंखा, किटली, सगळं बिनतक्रार चाललं. बायको म्हणाली, "मिस्त्रींनी शेवटी चोख करून दिलं हो." मी म्हणालो, "मीही उभा होतोच ना."

परत आल्यावर मात्र दुकानात जाऊन माफी मागितली. मिस्त्री एका ट्रॅक्टरखाली आडवे होते.

"सोडा, सर. एवढ्या पावण्यांत तुमी तोंडघशी पडला असता. मला काय, लोक रोज बोलतात." मग ट्रॅक्टरखालूनच म्हणाले, "टेप मातर झकास मारली होती."

मेहुण्याला खरं सांगायचं मी ठरवलं होतं. दिवाळीला सांगणार होतो, मग होळीला. तोवर मिस्त्रींचे डोळे अधू झाले, मुलाने त्यांना वापीला नेलं आणि तिथेच ते वारले. बातमी मेहुण्यानेच दिली.

"दाजी, तुमचा तो कच्चा मिस्त्री गेला."

"कच्चे नव्हते ते. ते टोक मी दाबलं होतं."

मेहुण्याने विचारलं, "मग आत्ता कशाला सांगताय?"

त्याच संध्याकाळी मी कुंभवलीला गेलो. मिस्त्रींच्या जागी आता मोबाइलच्या वस्तूंचं दुकान आहे. गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं, "काय देऊ, काका?" मी कशाला आलोय, हे तिथेही मला सांगता येईना. मी खिशातला फोन काढून पुढे केला.

"काच बदलायची? ही तर चांगली आहे की."

"असू दे," मी म्हणालो. "बदला."