कोकिळेसाठी उघडलेलं दार

हातातला चहा आधी खाली ठेवा. नाही, खरंच ठेवा, कारण हा किस्सा ऐकताना मागे एकाला ठसका लागला होता. आणि मी माझी अब्रू काढायला बसलोय, तेव्हा निदान शर्ट तरी तुमचे खराब व्हायला नकोत.

तर राजेहो, आमची सगळी नोकरी भिलाईच्या प्लांटमध्ये गेली, तीसुद्धा सेफ्टी विभागात. गॅसचा अलार्म वाजला की काय करायचं, हे मी शॉपमधल्या एकूणएक कामगाराला शिकवायचो. अलार्म वाजला की डोकं चालवायचं नाही, हुकूम पाळायचा! 'का' विचारणारा माणूस आधी आडवा होतो. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की झोपेत बडबडलो तरी तेच निघेल.

बायको सुनंदा. तिनं यंदा महिला मंडळासाठी नाटक लिहिलं. आयुष्यातलं पहिलं! स्वयंपाक आटोपला की कॉम्प्युटरपुढे बसायची आणि एका बोटानं टाइप करायची. दोन महिने घरात टक्-टक् चालू होती. पहिल्या अंकाचे कागद छापून बायकांना वाटले होते. दुसरा अंक मात्र फक्त त्या कॉम्प्युटरच्या पोटात. आणि प्रयोग पुढच्या रविवारी!

त्या दुपारी तालमीसाठी सगळ्या बायका आमच्याकडेच जमल्या होत्या. सुनंदा मला म्हणाली, "अवो, दुसऱ्या अंकात कोकिळा ओरडते. तेवढा आवाज शोधून देता का नेटवर?"

आता निवृत्त नवऱ्याला असं काम मिळालं की तो काय करतो? छाती फुगवून बसतो. एक वेबसाइट सापडली. पक्ष्यांचे हजारो आवाज, सगळे फुकट! फक्त आधी त्यांचा एक छोटा प्रोग्राम उतरवून घ्या म्हणे. घेतला. अँटिव्हायरसनं लगेच लाल पाटी दाखवली, हे धोक्याचं आहे. त्यावर त्या प्रोग्रामनं सांगितलं की अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा, तो उगाच घाबरतो.

मी केला की बंद! घरच्या राखणदाराला मीच हातानं खुर्चीवरून उठवलं.

कोकिळा काही ओरडली नाही. ओरडला तो भोंगा! अख्खा स्क्रीन लाल. 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. सफाई सुरू झाली आहे. कॉम्प्युटर बंद करू नका. इंटरनेट तोडू नका. पासवर्ड टाकून सफाईला परवानगी द्या.' खाली एक हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली.

भोंगा ऐकला आणि अंगात जुना सेफ्टी ऑफिसर संचारला. टाकला पासवर्ड! मग उठून ओरडलो, "एरिया खाली करा! कोनी हात नका लावू!"

बायका हातातले कागद घेऊन व्हरांड्यात पळाल्या. वाऱ्याची दिशा बघून उभ्या राहा, असंही मी त्यांना सांगितलं म्हणतात. मला ते आठवत नाही, आणि आठवायचंही नाही.

सुनंदा दारातूनच म्हणाली, "काय झालं वो? माह्या नाटकाले काही झालं का?"

"काही नाही होत. सफाई होऊन राहिली. मी हाव न इथं!"

तेवढ्यात लाइट गेली. बापरे! बंद करायचा नव्हता ना? कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, पण इन्व्हर्टर म्हातारा. मी घरातले सगळे पंखे बंद केले, फ्रिजची पिन काढली. मग वाटलं, कॉम्प्युटर तापतोय. म्हणून घरातला एकुलता एक चालू पंखा, टेबल फॅन, त्याच्यासमोर लावला. मे महिन्यातली भिलाई तुम्हाला माहीत आहे. बायका घामानं निथळत होत्या आणि तो आतला पाहुणा गार वारा खात होता.

सुनंदानं तोवर भावाला फोन केला. सुधीर, म्हणजे माझा साळा, इथं जवळच, पद्मनाभपुरात राहतो आणि रसमड्याच्या एका फॅक्टरीत कॉम्प्युटर सांभाळतो. त्याच्याबद्दल माझं मत काय, ते सोडा. तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"भाऊजी, आधी नेटची वायर काढा!"

"कायले काढू? स्क्रीनवर साफ लिवलं आहे, तोडू नका म्हनून!"

"अरे भाऊजी, वो तो चोर ने ही लिखा है न!"

"तुले काय माईत? अलार्म आहे हा. अलार्मचा नियम असते!"

"भाऊजी, तुमी चोराले इचारून राहिले का, दरवाजा लावू का म्हनून?"

मी म्हटलं, तू इथे ये आणि मग बोल. तो निघाला. पण मी काही वायर काढू देईना. खुर्ची टाकून, काठी घेऊन पहाऱ्याला बसलो. सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. मग शांतपणे आत आली, वाकली आणि नेटची वायर ओढून काढली. पाठोपाठ कॉम्प्युटरची पिनसुद्धा!

भोंगा बंद झाला.

सुधीर आला. हसला नाही, ते फार वाईट लक्षण होतं. म्हणाला, "हा ट्रोजन आहे भाऊजी. हा कुलूप नाही तोडत. तुमाले पाहिजे ती वस्तू बनून येते, आन् दार तुमीच उघडून देता. मंग खोटा भोंगा वाजवते. मशीन चालू राह्यली, नेट जोडून राह्यलं, की आपल्या भाऊबंदाले आत बोलावते, तुमचे पासवर्ड पाह्यते."

आधी त्यानं मला मोबाइलवरून बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदलायला लावलं. आजारी मशीनवरून बदलले तर नवेही त्याच्याच हाती लागतात म्हणे. मग कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू केला. तिथं फक्त गरजेपुरतं चालू होतं, त्यामुळे चोराला पाय पसरायला जागा मिळत नाही. घरून स्वच्छ पेन ड्राइव्हवर आणलेला अँटिव्हायरस लावला आणि सगळी झडती सुरू केली. तो कोकिळेचा प्रोग्राम काढला, मशीनबरोबर आपोआप सुरू होणारी त्याची पिलावळ काढली, ब्राउझरमध्ये चिकटलेली बांडगुळं काढली.

"नाही गेला तर?" मी विचारलं.

"तर फॉरमॅट. सगळं पुसून नवीन."

सुनंदा पलंगावर बसली होती. पहिल्या अंकाचे कागद पुन्हा पुन्हा सरळ करत होती. दोन महिने एका बोटानं टाइप केलेलं ते सगळं! तिनं भांडी आपटली असती तर बरं वाटलं असतं.

झडती संपली. साफ! सुधीरनं तिचा फोल्डर उघडला.

रिकामा.

राजेहो, त्या क्षणी मला वाटलं की जमीन फाटावी आणि मी टेबल फॅनसकट आत जावं. व्हरांड्यातल्या बायका खिडकीला नाकं लावून उभ्या. सुनंदाचा पदर डोळ्यांना लागला.

"थांब ताई," सुधीर म्हणाला, "कधी कधी हे फायली लपवून ठेवते, मिटवत नाही." त्यानं लपलेल्या फायली दाखवण्याची सोय चालू केली, आणि एकेक फाइल वर आली. पहिला अंक. दुसरा अंक. कोकिळेचा प्रवेश शेवटच्या ओळीपर्यंत शाबूत!

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी चक्क रडलो. ज्या साळ्याशी सणावारीही नीट बोललो नव्हतो, त्याला मिठी मारली. व्हरांड्यात टाळ्या वाजल्या. सुनंदानं आधी दुसऱ्या अंकाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या आणि मगच माझ्याकडे बघून हसली. तेवढं हसू मिळालं, अजून काय पाहिजे?

रविवारी प्रयोग झाला. दुसऱ्या अंकात अचानक एक नवीनच नवरा आला. घरात चोर घेतो, त्याला पंखा लावून देतो, आणि बायकोनं तिसऱ्यांदा सांगितल्यावर स्वतःच वायर काढतो. लोक खुर्च्यांवर लोळत होते! सगळ्यांत मोठ्यानं सुधीर हसला.

घरी येताना स्कूटरवर मी मागे वळून विचारलं, "अवो, तो नवरा म्हनजे मीच न?"

"हाव."

"पन तो तर वायर सोताच काढते. मी कुठं काढली?"

"तुमी होते तसाच लिवला होता आधी," ती म्हणाली. "पन तालमीत साऱ्या बाया म्हनल्या, इतका येडा मानूस लोकायले खरा नाही वाटनार. मंग थोडा शायना केला."