बापूरावचं फुकटचं अँटिव्हायरस

सिंदेवाहीत आमच्या गल्लीत बापूराव रामटेकेची ओळख दोन गोष्टींवरून होती. एक म्हणजे तो कशालाही 'बरं' म्हणायचा. दुसरी म्हणजे त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर फुकटचं अँटिव्हायरस होतं आणि विकतचं घ्यायला तो काही केल्या तयार नव्हता. त्यावरून लोक त्याला चिंगूस म्हणत. मीही म्हणायचो, तोंडावर. त्यावरही तो 'बरं' म्हणायचा. अशा माणसाला चिडवण्यात काय मजा आहे, सांगा!

भात संशोधन केंद्रात आम्ही दोघं एकाच वेळी नोकरीला लागलो. मी भांडारात, तो शेतावर. लोंब्या भरल्या की पाखरं हाकलायचं काम त्याच्याकडे असायचं आणि त्याची आरोळी आम्हाला भांडारात बसून ऐकू यायची. म्हणजे हा माणूस जन्माचा मुका नव्हता. मुद्दाम सांगतो, कारण आज त्याला पाहणाऱ्याला हे खरं वाटणार नाही.

कॉम्प्युटर आणला तो पोरीसाठी. संघप्रिया, एकुलती एक, तेव्हा बीएस्सी करत होती. ती कॉलेजात गेली की बापूराव त्यावर पत्ते खेळायचा आणि ती आल्यावरही खुर्ची सोडायचा नाही. अँटिव्हायरस तिनंच टाकलं. बापानं विचारलं, "विकतचं काऊन नाई घेत?" तर म्हणाली, "बाबा, व्हायरस त फुकटचंबी पकडते. विकतच्यात बाकीचे लाड जास्त. आपल्या घरी चोराले काय सापडते, तुमचे पत्ते?"

त्या फुकटच्याला एक खोड होती. संध्याकाळी इंटरनेट लावलं की ते स्वतःला अपडेट करून घ्यायचं, आणि ते झालं की एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलायची. पहिल्या दिवशी बापूराव दार उघडून बाहेर बघून आला, कोण बाई आली म्हणून. दुसऱ्या दिवशीही गेला. पोरगी हसून हसून लोळली. त्या बाईच्या जागी आपला आवाज घालायची सोय त्यात होती. तिनं माइक लावला आणि बोलली, "बाबा, अपडेट झालं. उठा आता, जेवाले या." झालं! तेव्हापासून रोज कॉम्प्युटरच बापाला जेवायला उठवू लागला. तोही पत्ते टाकून म्हणायचा, "आलो."

पुढच्या वर्षी ती गेली. सिकलसेल, रक्ताचा आजार, तिला लहानपणापासून होता. आमच्या भागात अशी पोरं बरीच आहेत. दुखणं उठायचं, सलाईन लागायचं, चार दिवसांनी घरी यायची. त्या वेळी नाही आली.

बापूराव रडला नाही. मला तेव्हा त्याचा राग आला होता. मयतीला माणसं येत होती, बोलत होती, तो सगळ्यांना 'बरं' म्हणत होता. त्याची बायको इंदुताई, तिचंही तसंच. आमच्याकडे बायका नवऱ्याला लेकराच्या नावानं हाक मारतात. ती त्याला 'प्रियाचे बाबा' म्हणायची. पोर गेली तशी ती हाक बंद झाली, आणि त्या जागी दुसरी कोणती तिला सुचली नाही. ताट वाढायची, समोर ठेवायची, आत जायची. त्या घरात भांडण नव्हतं, रडणं नव्हतं, काहीच नव्हतं.

एकदा संध्याकाळी मी विजेचं बिल दाखवायला त्यांच्याकडे गेलो. चहा घेत होतो. खोलीत आम्ही दोघंच, आणि संघप्रिया बोलली. "बाबा, अपडेट झालं. उठा आता, जेवाले या." चहा माझ्या धोतरावर सांडला. बापूराव कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "आलो." आणि बटण दाबून तो बंद केला. स्वयंपाकघरातून इंदुताई बाहेर आली, रिकामी बादली उचलून मागच्या अंगणात गेली. नंतर कळलं, रोज आवाज आला की ती अशीच बाहेर जायची. तिला तो ऐकवत नव्हता.

आता मला कळलं, हा विकतचं का घेत नाही ते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तशी एका कॉम्प्युटरमध्ये दोन अँटिव्हायरस नांदत नाहीत. विकतचं आलं की फुकटचं काढावं लागणार, आणि त्याच्यासोबत तीही जाणार. पडद्यावर 'विकतचं घ्या' अशी जाहिरात यायची, तो ती फुली दाबून घालवायचा. कोणालाच त्यानं हे सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड उघडावं लागतं.

मी म्हणालो, "अरे बापूराव, मोबाइलमध्ये टेप करून ठेव ना. कॉम्प्युटर बिघडला त काय करशील?"

"नाई भाऊ," तो म्हणाला. "आपण लावलं त ते टेप होते. आपल्या मनानं बोलली त पोरगी होते."

त्या दिवसापासून मी त्याला चिंगूस म्हणणं सोडलं. दुसरं कोणी म्हटलं तर त्याच्याशी भांडलो.

यंदा तिच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला, बापूरावचा भाचा आला, मिथुन. नागपूरला कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. पोरगा सोन्यासारखा आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं ऐकून कोणी त्याला शिव्या देऊ नये. विहारातले भंतेजी आले, त्यांची वंदना झाली, खीर झाली. मी आणि बापूराव भंतेजींना बसस्टँडवर सोडायला गेलो. परत आलो तर मिथुन कॉम्प्युटरसमोर बसलेला, चेहरा खुललेला.

"मामा, तुमच्यासाठी विकतचं अँटिव्हायरस आणलं. आजकाल फायली कुलूपबंद करून पैसे मागतात लोकं. ते फुकटचं एकदम जुनं होतं, काढून टाकलं. प्रियाचे फोटो आहेत ना ह्याच्यात, ते सांभाळाले पाहिजे."

मी त्याच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आता आठवत नाही. पोरगा घाबरला. सगळं कळल्यावर तो त्या कॉम्प्युटरला जो बसला, तो गाडीची वेळ होईपर्यंत उठला नाही. कचरापेटी पाहिली, कुठलं कुठलं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं. फुकटचं परत उतरवलं, तर त्याच्या नव्या रूपात आवाज घालायची सोयच नव्हती. तिनं बोललेली फाइल जुन्याच्याच पोटात होती, ती त्याच्यासोबत पुसली गेली. फोटो सगळे शाबूत होते. शेवटी विकतचंच पुन्हा चढवलं. मिथुन मामाचे पाय धरून रडला.

बापूराव त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बरं केलं. फोटो त राहतीन."

मी घरी येऊन जेवलो नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. जावंसं वाटत नव्हतं, पण न जाऊन राहवेना. बापूराव नेहमीच्या जागी बसला होता. इंटरनेट लावलेलं. पत्ते मांडलेले, पण तो खेळत नव्हता. मी बाजूला बसलो. आत इंदुताई भाकरी थापत होती, त्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी चौकट आली, तिच्यात बरोबरची खूण. विकतचं अँटिव्हायरस अपडेट झालं होतं. ते काही बोलत नाही. चौकट आपोआप निघून गेली. बापूराव तसाच बसून राहिला. मला वाटलं, आता हा उठायचाच नाही.

आत भाकरीचा आवाज थांबला. मला वाटलं, इंदुताई आता बादली उचलून मागे जाईल. ती दारापर्यंत आली. बाहेर नाही आली, चौकटीला धरून उभी राहिली, पिठाच्या हातानं.

"प्रियाचे बाबा," ती म्हणाली, "अपडेट झालं. उठा आता, जेवाले या."

बापूरावनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आलो," तो म्हणाला, आणि त्यानं कॉम्प्युटर बंद केला.