सुनेचा जबाब

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःची लाज वाटते आणि मग बरं वाटतं.

मी पेणच्या पोलीस ठाण्यात नेमणुकीवर होतो. सकाळी गडबहून एका बाईचा फोन आला. "शेजारचा म्हातारा घरात नाय, साहेब. सुनेनंच काय तरी केलंय. वर्षं झाली, दोघं बोलत नायत." ठाणे अंमलदाराने बेपत्ताची नोंद घेतली आणि मी जबाब घ्यायला निघालो.

मुलगा रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट सोडून आला होता. बाबा माझ्यावर रागावून गेले, म्हणून रडत होता. शेजारीण म्हणे, म्हातारा जिवाला कंटाळला होता. जो तो म्हाताऱ्याच्या मनात जाऊन आल्यासारखा बोलत होता. सून तेवढी गप्प, डोळे कोरडे, आणि सारखी घड्याळाकडे बघणारी. पंचवीस वर्षांच्या नोकरीचा भरवसा धरून मी ठरवून टाकलं, हिच्याच मनात पाप आहे.

महिला शिपायाला जवळ बसवून मी दरडावलं, "सासऱ्याशी का बोलत नाहीस?"

"सासऱ्यासमोर बोलायची आमच्यात रीत नाय."

"त्यांच्या मनात काय होतं?"

"मनातलं मला काय ठाव? पन काल कासूकडचा मानूस आलता. खाडीच्या बांधाला भगदाड पडलंय म्हनाला. बाबांनी जेवान अर्धं ठेवलं, कॅलेंडर बघितलं. आज दाराआडचं घमेलं नाय. पुनव हाय, साहेब. दुपारी उधान येल. मी ह्यांना सांगितलं, तर गप बस म्हनले."

उधाणाला घरटी एका माणसाने बांधावर जायचं, चिखल लावून पाणी अडवायचं, अशी त्या खाडीकाठची वहिवाट. यांचं कासूकडचं शेत खारं होऊन कुटुंब गडबला आलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. आम्ही सुनेला घेऊन जीप पिटाळली.

म्हातारा भगदाडापाशी चिखलात रुतला होता. पाणी कमरेच्या वर आलेलं, तरी हाताने चिखल थापतच होता. दोघा शिपायांनी त्याला ओढून काढलं. काठावर येताच तो सुनेला म्हणाला, "माजं घमेलं घेतलंस का गो?"

"घेतलं, बाबा," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे रडली.

पुढच्या नोकरीत मी 'त्याच्या मनात काय होतं' असं विचारणं सोडलं. काल तो काय करत होता, एवढंच विचारायचो. ज्याची माया असेल, त्याला ते बारीकसारीक सांगता यायचं.

निवृत्तीनंतर एकदा बायकोबद्दल हाच प्रश्न स्वतःला विचारला. काही सांगता येईना. तेव्हापासून सकाळचा चहा मी स्वयंपाकघरात, तिच्यासमोर बसून घेतो.