मामीसमोर उभा राहिलेला नारळ

आधीच सांगतो, असले अनुभव वाचून मी आजवर फक्त हसलोय. सेलूत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उद्या भूत जरी काउंटरशी येऊन उभं राहिलं तरी मी एवढंच विचारीन – सिंगल फेज की थ्री फेज? आणि नेमकं माझ्याच तळहातावर हे घडावं... संताप त्याचाच येतो.

माझे मामा येलदरीकडच्या एका खेड्यात राहतात. वय सत्तरीपुढं, धंदा पाणाड्याचा. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडं, आणि रान तुडवत फिरायचं. नारळ उभा राहिला की खाली पाणी – मारा बोअर! मामांच्या निम्म्या बोअरमधून नुसता फुफाटा उडाला, पण त्याचं खापर बोअरच्या गाडीवाल्यावर. उरलेल्या निम्म्यांच्या पाण्यात म्हणे येलदरीचं धरण बुडून जाईल.

तर हे गृहस्थ उन्हाळ्यात एका शेतात पॉइंट काढता काढता चक्कर येऊन ढेकळांत आडवे झाले. मी उचलून परभणीला नेलं. टू-डी इको झाला. हृदयातून अंगभर रक्त जिथून निघतं, त्या तोंडावरची झडप चुना साचून दगड झालेली. उघडायला जेमतेम पेन्सिलीएवढी जागा.

"गोळ्यांनी ही उघडणार नाही," डॉक्टर म्हणाले. "बदलावीच लागेल. छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी बसवता येईल. पण चक्कर यायला लागली म्हणजे आता थांबू नका. पुढच्या वेळी माणूस उठेलच असं नाही."

मी मामांना माझ्या धंद्याच्या भाषेत सांगितलं, "मामा, मोटार जीव तोडून जोर लावायलीय, पर डिलिव्हरीचा व्हॉल्व्हच जाम. एक दिवस मोटार जळंल."

"आरं संजा, जमिनीच्या पोटातलं पाणी दिसतं मला. अन् माझ्याच छातीतलं त्या मशिनला दिसावं, मला न्हाई?"

पुढं सगळी भावकी समजावून थकली. माझा घसा एवढा बसला की गिऱ्हाइकाशी मी खुणांनी बोलायचो. शेवटी मामांनी अट घातली – "नारळाला इचारू. तू धर, म्हंजी मी लबाडी केली म्हणायला नको. माझ्यापुढं उभा राह्यला तर येतो दवाखान्यात."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! लहानपणापासून बघतोय, अंगठ्याचा जरा दाब दिला की नारळ उठतो. मी ओसरीत मामांपुढं उभा राहिलो आणि दिला दाब. नारळ ढिम्म! आणखी दाबला. अंगठा पांढरा पडला, घाम फुटला, पण नारळ जणू जेवून झोपलेला.

"बघ! काय बी बिघाड न्हाई," मामा मिशीत हसले.

तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. कप घ्यायला मी वळलो, हात सैल सोडला... आणि नारळ खाडकन उभा! शेंडी वर, साहेबाला सलाम ठोकणाऱ्या शिपायासारखा.

"हिच्यात हाय बिघाड!" मामा ओरडले.

"च्या प्या गुमान," मामी म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "मामींची तपासणी करू. काही निघालं न्हाई, तर तुमी मुकाट्यानं झडप बदलायची. कबूल?"

"कबूल."

मामींना हंडा उचलला की धाप लागायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही सगळे शहाणे म्हणायचो, मामी, वजन कमी करा. परभणीत त्याच डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का? मामी हो म्हणाल्या. इकोत दुसरीच झडप निघाली, दोन्ही पाकळ्या कडेनं एकमेकींना चिकटून अरुंद झालेली. पण ही बदलायची गरज नव्हती. संभाजीनगरला आत फुगा नेऊन, फुगवून, ती मोकळी केली. मामी धाप न लागता घरी चालत आल्या.

आणि पैज मी हरलो! मामा पारावर सांगत सुटले, "मशिनच्या आधी नारळाला कळलं!" आणि सांगता सांगताच पुन्हा कोसळले. शुद्धीवर आल्यावर म्हणतात काय, "ऊन लय हाय." आम्ही सावलीत होतो हो!

घरी आणलं, तशा मामी उठल्या. कोनाड्यातला नारळ घेतला, तळहातावर आडवा ठेवला आणि मामांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. नारळ हळूच उठला. मामांचं तोंड उघडंच राहिलं.

"नारळ खरा म्हनता ना?" मामी म्हणाल्या. "मंग उठा."

मामांनी टोपी नीट केली. "संजा... पिशवी भर."

मामांच्या ऑपरेशनच्या दिवशी मी आणि मामी बाहेर बाकावर. डॉक्टर येऊन सांगून गेले, झडप छान बसली, शुद्धीवर आहेत, चहा मागायलेत. मामींनी पदरानं डोळे पुसले आणि मग खुदकन हसल्या.

"त्या दिवशी मी अंगठ्यानं उठवला रं."

"माहीत हाय, मामी."

"तुझाबी अंगठा दिसला होता मला, दारातून. मामापुढं पार पांढराफटक पडला होता." मग त्या माझ्याकडं वळल्या. "पर मी च्या घेऊन आले, तवा तुझा अंगठा नारळाला लागलाच नव्हता. मी बघायले होते ना... मंग तो कुनी उठवला?"

मी आजही दुकानात, हातातलं काम सोडून, तळहाताकडं बघत बसतो. उत्तर मामांकडं आहे, पण मेलो तरी मी त्यांना विचारणार नाही.