एका मिनिटात वीस जण

मी डेटाबेस सांभाळतो. चाकणच्या एका कारखान्यातली सगळी माहिती ज्या सर्व्हरवर साठते, त्याची देखभाल मी तळवड्यात एसीत बसून करतो. उंटावरून शेळ्या हाकायचा हा धंदा मला मनापासून आवडतो, कारण शेळ्या अंगावर येत नाहीत. मात्र एके दिवशी कारखान्याच्या मॅनेजरने सांगितलं, फोन पुरे झाले, इथे येऊन बघा.

तक्रार तीन महिन्यांची होती. पहिल्या शिफ्टला माल पाठवायच्या टेबलावरचा कंप्युटर सर्व्हरशी जोडलाच जात नाही, मग लेबल निघत नाही आणि गाडी गेटवर उभी राहते. मी दर वेळी डेटाबेसच्या नोंदी तपासायचो. त्या स्वच्छ असायच्या. ‘आमच्या बाजूने सर्व ठीक आहे’ असं कळवून मी चहाला जायचो.

त्या टेबलावर लातूरकडची एक बाई होती, कंत्राटावर. शिफ्ट संपल्यावर निगडीला कंप्युटरचा क्लास करून ती तीन महिन्यांपूर्वी पॅकिंगमधून या खुर्चीवर आली होती. महिनाअखेर तिचं कंत्राट नवं व्हायचं होतं आणि तिला परत पॅकिंगला पाठवा, असं सुपरवायझरने लिहायला घेतलं होतं. हा सुपरवायझर तिथल्याच गावचा, आवाज शिवारात घडलेला.

“साहेब, मशीन चांगलं हाय,” तो मला म्हणाला. “हिचा हातच बसत न्हाई त्याच्यावर. मी दाबलं की लगेच चालतंय.”

आणि ते खरं होतं, मी स्वतः पाहिलं. सकाळी सातला सगळ्यांनी रांगेत उभं राहून, हात पुढे करून सुरक्षेची शपथ घेतली. शपथ संपली तसे सगळे आपापल्या टेबलाकडे गेले आणि एकदमच कंप्युटरवर तुटून पडले. बाईंचं टेबल सर्वांत लांब, गेटजवळ. त्या बसल्या, बटण दाबलं. जोडणी झाली नाही. पुन्हा दाबलं. दहा मिनिटं त्या दर दोन सेकंदांनी दाबतच होत्या. मग सुपरवायझर आला, कमरेवर हात ठेवून बोलबोल बोलला. बाई कीबोर्डवरचा हात काढून, मान खाली घालून ऐकत होत्या. बोलून झाल्यावर त्याने एका बोटाने बटण दाबलं आणि लगेच जोडणी झाली. माझ्याकडे बघून त्याने नुसत्या भुवया उडवल्या.

खोटं कशाला बोलू, मलाही पटलं. मी बॅग उचलली तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, “सर, रोज वीस जणांचं लागतंय. एकविसावी मी. मोजलंय मी.”

“कसं मोजलं?”

“टेबलावरचे हिरवे दिवे इथून दिसतेत की. वीस लागले की एकविसावा लागंना. बाकीचे दोघं-तिघं चहाला जातेत, आल्यावर त्यांचं लागतंय. मी आपली दाबत बसते.”

वीस हा आकडा मला कुठेतरी टोचला. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ लावून सुपरवायझरचं बोलणं मोजलं. एक मिनिट वीस सेकंद. तिसऱ्या दिवशी मी त्यालाच चहाला नेलं आणि बाईंना सांगून ठेवलं, एकदा दाबा, नाही लागलं तर दीड मिनिट हात लावू नका. आम्ही परत आलो तेव्हा लेबल छापलं जात होतं. कोणी ओरडलंही नव्हतं.

मी सर्व्हरची सेटिंग्ज उघडून पाहिली. वर्षापूर्वी तपासणीवाल्यांनी सर्व्हर बाहेरच्यांपासून सुरक्षित करा म्हटल्यावर मी त्याच्या दारात एक नियम बसवला होता: इंटरनेटच्या एका पत्त्यावरून मिनिटात वीसपेक्षा जास्त नव्या जोडण्या आल्या, तर पुढच्या गुपचूप टाकून द्या, आणि टाकून दिलेल्याही मोजा. कारखान्यातले सगळे कंप्युटर सर्व्हरला एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात आणि तीन महिन्यांपूर्वी त्यांची संख्या वीसच्या वर गेली, हे मी पाहिलंच नव्हतं. दारातून परत गेलेला माणूस घरातल्या वहीत कसा सापडणार? म्हणून माझ्या नोंदी स्वच्छ. बाई जितक्या निष्ठेने बटण दाबायच्या, तितकं दार बंद राहायचं. चहाला पळणारे सुटायचे.

मी मर्यादा वाढवली आणि मेल लिहिली: ‘एका सेटिंगमध्ये किरकोळ बदल करण्यात आला आहे.’ कोणाचं सेटिंग, कोणी केलेलं, यातलं काही त्यात नव्हतं. अशी वाक्यं मला झोपेतही जमतात.

चार दिवसांनी बाईंचा फोन आला. “सर, आता समदं चालतंय. सुपरवायझर समद्यांना सांगायलेत, तीन महिने बोललो तवा कुठं शिकली. लिहिलंय बी तसंच. सुधारली, पण लई हळू शिकते, पॅकिंगला द्या. मी काय शिकले सर?”

मला लाज वाटली, चांगलीच वाटली.

दुसऱ्या सकाळी चाकणला जाऊन शपथेनंतर मी दोन मिनिटं मागून घेतली आणि सगळ्यांसमोर माझ्या नियमाचं सांगितलं. सुपरवायझरने विचारलं, “मग मी दाबल्यावर कसं चालायचं?”

“तुम्ही मिनिटापेक्षा जास्त बोलायचात. तेवढ्यात दार उघडायचं. गप्प उभे राहिला असतात तरी उघडलं असतं.”

सगळे हसले. मान खाजवत तोही हसला. स्वस्तात सुटलो म्हणून मीही हसलो.

बाई हसल्या नाहीत. “हसण्यावारी नेऊ नका सर. तीन महिने घरी जाऊन मी माझी बोटं बघायचे. समद्यांचं लागतंय, माझंच कसं लागंना म्हणून. हे लिहून द्या.”

त्यांच्या टेबलावर वाकून मी लिहिलं: नियम माझा, चूक माझी, या बाईंचं काम पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. खाली सही केली. बाईंनी कागद सावकाश वाचला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सुपरवायझरपुढे धरलं.

“आता तुमची.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने सही केली.