पिवळ्या रेघा

मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या गॅरेजच्या काउंटरवर मी तेव्हा सुटे भाग विकायचो. २०१४ सालची गोष्ट असावी. एक म्हातारे ओमानी गृहस्थ प्लास्टिकची पिशवी घेऊन आले आणि ती त्यांनी हळूच माझ्यासमोर ठेवली. आत न उघडलेली पाकिटं होती. ब्रेकचे पाइप, गॅस्केट, दोन बेअरिंग. सगळी मीच विकलेली. विकत घेणाराही मला आठवत होता, त्यांचा मुलगा.

"तो नाही आला?" मी विचारलं.

"तो आता येणार नाही," ते म्हणाले. मग शांतपणे सांगितलं, की दोन महिन्यांपूर्वी निझव्याच्या रस्त्यावर ऑफिसच्या गाडीला अपघात झाला.

त्यांना हिंदी चांगली येत होती. तरुणपणी बंदरावर आपल्या लोकांबरोबर काम केल्यामुळे. आमचं सगळं बोलणं हिंदीतच व्हायचं, मी ते इथे मराठीत लिहितो आहे.

मुलगा तिशीतला होता. ऑफिस सुटलं की पांढऱ्या डिशदाशाच्या, तिथल्या पायघोळ झग्याच्या, बाहीला ग्रीस लागलेलं असतानाच काउंटरवर यायचा. साठ वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन पिकअप त्याने भंगारातून मिळवला होता आणि बौशरमधल्या घराच्या अंगणात त्याची हॉट रॉड बनवत होता. म्हणजे सांगाडा जुनाच ठेवायचा, पुढची मडगार्डं काढून टाकायची, गाडी जमिनीकडे झुकवायची आणि आत मोठं, दणदणीत इंजिन उघडंच बसवायचं. गाला भागात असे शौकीन बरेच येत, पण "हे असंच का?" असं विचारणारा तो एकटाच. मला तो 'मुहंदिस' म्हणायचा. अरबीत मुहंदिस म्हणजे इंजिनिअर.

त्या एका शब्दाची किंमत माझ्यासारख्यालाच कळेल. माझे वडील एस.टी. डेपोत गाड्या धुवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेत मराठीतून शिकून मी कसाबसा मेकॅनिकलची पदवी मिळवली, आणि मस्कतला आलो तो पार्टची पाकिटं मोजायला. तक्रार नव्हती. नोकरी मिळाली याचंच अप्रूप होतं. पण तिथे कुणी मला इंजिनिअर म्हणत नव्हतं, तो म्हणायचा.

म्हातारबांची पिशवी मी परत घेतली नाही. म्हणालो, "मला शुक्रवारी सुट्टी असते. मी येऊन बसवून देतो."

पहिल्या शुक्रवारी गेलो तेव्हा गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी होती. तिच्यावर जुनी चादर होती, आणि ती काढताना मला एखाद्याच्या तोंडावरचं पांघरूण काढल्यासारखं वाटलं. आत सगळं तो जसं सोडून गेला तसंच होतं. स्टीअरिंगवर त्याचा रुमाल. दारावर चिकटपट्टी, तिच्यावर त्याच्या अक्षरात काय राहिलंय त्याची यादी. सीट त्याच्या उंचीला मागे सरकवलेली, मी बसलो तर माझे पाय क्लचपर्यंत पोचेनात. ती सीट मी पुढे ओढली नाही. त्यानंतर कितीतरी शुक्रवार मी काठावर बसूनच पाय लांबवत राहिलो.

खाली वाकून पाहिलं तर चासीवर जागोजागी पिवळ्या रेघा दिसल्या. ही पद्धत मीच त्याला काउंटरवर शिकवली होती. बोल्ट पुरता आवळला की नटावरून शेजारच्या लोखंडावर रंगाची एक बारीक रेघ ओढायची. रेघ आहे म्हणजे काम झालेलं आहे, पुन्हा हात लावायचा नाही. नट पुढे कधी सरकला तर रेघ मोडलेली दिसते. आमच्या गॅरेजमध्ये दहा माणसं एका गाडीवर काम करतात, तिथे या रेघेवर सगळ्यांचा विश्वास असतो. अंगणात एकट्याने काम करणाऱ्या माणसानेही ती इतकी मनावर घेतली होती, हे पाहून मला भरून आलं.

मी ठरवलं, रेघ असलेल्या बोल्टला हात लावायचा नाही, बिनरेघेचे आपण करायचे. कुठल्या बाजूला किती आहेत ते एका कागदावर लिहून घेतलं.

म्हातारबांचं मागणं एकच होतं. रस्त्यावर चालवायचा परवाना अशा गाडीला मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. पण घरामागे वाळूच्या टेकड्यांकडे एक कच्ची वाट जाते. त्या वाटेने तिच्यात बसून एकदा शेवटपर्यंत जायचं आणि परत यायचं. मुलाने तसं त्यांना कबूल केलं होतं. त्यांच्या छातीचं दुखणं वाढत चाललं होतं, म्हणून घाई होती.

शुक्रवारची दुपार तिथे फार निःशब्द असते. नमाज होऊन जेवणं झाली की सगळी वस्ती दारं लावून एसीत झोपते. उन्हाने पत्रा मधूनच कडकड वाजतो. मी गाडीखाली पडलेला असायचो आणि मला वाटायचं, कुणीतरी वरून वाकून पाहतंय. बाहेर डोकं काढलं की कुणी नसायचं.

तिसऱ्या का चौथ्या शुक्रवारी कागदाशी जुळेना. पुढच्या बाजूला अकरा बोल्ट राहिले होते, असं लिहिलेलं. मोजले तर बिनरेघेचे आठच. उरलेल्या तिन्हींवर पिवळी रेघ. मी रंगाची डबी अजून उघडलीसुद्धा नव्हती, माझं काम तपासून झालं की सगळ्या रेघा एकदमच ओढणार होतो. चाळीस-बेचाळीसच्या उन्हात माझ्या पाठीवरून गार काहीतरी उतरलं. मग स्वतःला समजावलं, मोजायला आपणच चुकलो असू. पुढच्या शुक्रवारी आठाचे पाच झाले.

मस्कतच्याच रुवी भागातल्या आमच्या खोलीत रत्नागिरीकडचे एक पेंटर राहायचे. वयाने मोठे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. कपडे वाळत घालता घालता त्यांना हे सांगितलं.

"गाडीत जिन बसलाय तुझ्या," चाचा म्हणाले. "फुकट मजूर मिळालाय. जपून ठेव."

"चाचा, मस्करी नको."

"मी कुठे करतोय? तुझ्या इंजिनिअरिंगला जिनचा धडा नव्हता काय?" मग माझं तोंड पाहून त्यांनी हातातली बनियन खाली ठेवली. "हे बघ बाबा. ज्याचं काम अर्धं राहतं तो येतो बघायला. येऊ दे. तू त्याच्या कामात खोट काढू नको म्हणजे झालं."

मी शिकलेला माणूस. पण खरं सांगायचं तर चाचांचं म्हणणं मला पटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे बरं वाटलं. ते नवीन रेघांचे बोल्ट मी एकदाही पान्याने तपासले नाहीत. रेघेला हात लावायचा नाही हा नियम होताच. पण नियमाच्या आड दुसरंच काही होतं. ज्याने मला मुहंदिस म्हटलं त्याच्या हातावर शंका घेणं मला जड जात होतं. काम करताना मी त्याच्यासाठी उजवीकडे थोडी जागा सोडून बसायला लागलो होतो.

तीन महिन्यांनी गाडी सुरू झाली. इंजिनाचा आवाज शेडच्या पत्र्यात असा घुमला की शेजारची दारं उघडली. म्हातारबा धुतलेला डिशदाशा घालून, डोक्याला मुसर, म्हणजे तिथला फेटा, बांधून शेजारी बसले. "यल्ला, चल, मुहंदिस," ते म्हणाले. मी काठावर बसून क्लच दाबला.

कच्च्या वाटेवर आम्ही सायकलच्या वेगाने चाललो असू. पहिल्या वळणावर स्टीअरिंग माझ्या हातात सैल झालं. मी फिरवतोय आणि चाकं ऐकत नाहीत. ब्रेक दाबला, गाडी तिरपी होऊन वाळूत थांबली. पुढे चार पावलांवर वाट संपून खाली नाल्याचा खोल कोरडा खड्डा होता. म्हातारबांचं कपाळ समोरच्या पत्र्यावर आपटलं होतं, थोडं खरचटलं.

मी खाली वाकून पाहिलं. स्टीअरिंग बॉक्स चासीला धरून ठेवणारे तिन्ही बोल्ट बोटाने फिरत होते. तिन्हींवर पिवळी रेघ, मधोमध मोडलेली.

भीतीने माणूस काय बोलतो याचं भान राहत नाही. मी म्हणालो, "तुमच्या मुलाने हे आवळलेच नव्हते. नुसत्या रेघा ओढून ठेवल्यात. असं काम करतात का कुणी?"

मुसर काढून त्यांनी कपाळावर दाबून धरला, आणि आम्ही घरापर्यंत चालत आलो. गाडी नंतर त्यांच्या पुतण्यांनी ओढून आणली.

तो आठवडा मला फार वाईट गेला. आपण मेलेल्या माणसाला बोललो, तेही त्याच्या बापासमोर. काउंटरवर कुणी पांढऱ्या डिशदाशात आलं की माझी मान आपोआप खाली जायची.

पुढच्या शुक्रवारी गेलो तेव्हा म्हातारबा शेडमध्ये खुर्ची टाकून माझीच वाट पाहत होते. मांडीवर पिवळ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश.

"त्या रेघा त्याच्या नाहीत," ते म्हणाले. "मी ओढल्या."

मी हातातली पान्यांची पेटी खाली ठेवली.

"पहाटे फजरच्या नमाजाहून आलो की मी इथे बसतो. तो शेवटी शेवटी ब्रश घेऊन खाली शिरायचा, मग बाहेर येऊन म्हणायचा, बाबा, आज इतके झाले. मला वाटलं, रंग लावणं हेच काम. तू आठवड्यात एकदा येतोस. बाकीचे सहा दिवस गाडी एकटी. म्हटलं, दोन-तीन मी करतो, लवकर होईल."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"लाज वाटली." ते डबीकडे बघत राहिले. "घरी आलो, झोपलो, उठलो. आणि मनात आलं, एक माणूस रुवीत बसून माझ्या मुलाला कामचोर समजतोय. मी मेलो असतो तर चाललं असतं. पण हे नाही चालणार. तो कामचोर नव्हता. तू बघ. सगळे उघडून बघ."

आता कुठली रेघ कुणाची हे डोळ्यांनी कळायला मार्ग नव्हता. रंग एकच, ब्रश एकच, आणि माझ्या कागदावर नुसते आकडे. मी म्हणालो, सगळ्या रेघा थिनरने पुसाव्या लागतील, त्याच्यासुद्धा. आणि प्रत्येक बोल्ट नव्याने तपासावा लागेल. त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावलं आणि मान हलवली.

मी गॅरेजमधून टॉर्क पाना मागून आणला होता. हा पाना ठरवलेल्या जोरापर्यंत आवळलं की टक् असा वाजतो. बोल्ट आधीच पुरता घट्ट असेल तर जागचा न हलता लगेच वाजतो. सैल असेल तर आधी फिरत राहतो. मी हे त्यांना सांगितलं आणि कामाला लागलो.

पहिला बोल्ट, लगेच टक्. "त्याचा," ते म्हणाले. दुसरा, टक्. "त्याचा." तिसरा फिरला. "हा माझा गाढवाचा," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. त्यांना मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. दोन शुक्रवार आम्ही हेच केलं. मी रेघ पुसायचो, पाना लावायचो, आणि ते कान देऊन निवाडा सांगायचे. स्टीअरिंगच्या भागातले आणि पुढचे काही बोल्ट त्यांचे निघाले. माझे सोडून बाकी एकूण एक त्याचे, आणि एकूण एक घट्ट. ते दर टक् बरोबर खुर्चीत थोडे ताठ होत गेले.

शेवटी गिअरबॉक्सचा माउंट, म्हणजे त्याला चासीवर टेकवणारा आधार, राहिला. गाडी जॅकवर उचलून, पाठीवर झोपून, डोक्यावरून हात आत घातला तरच पोचतो अशा ठिकाणी एक बोल्ट आहे. त्याच्यावरही रेघ होती, बारीक आणि सरळ. सत्तरीचे, छातीचं दुखणं असलेले म्हातारबा तिथे पोचणं शक्यच नव्हतं.

मी बोट लावलं. बोल्ट हलला.

बाहेर त्यांचे पाय दिसत होते, चपला काढून एकमेकांवर ठेवलेले. "मुहंदिस?" ते म्हणाले. "शेवटचा ना?"

मी साधा पाना घेतला आणि आवाज न करता आवळला. दीड फेरा बसला. मग टॉर्क पाना लावला. टक्.

"त्याचा," ते बाहेरून म्हणाले.

"हो," मी म्हणालो. "त्याचा."

पुढच्या शुक्रवारी आम्ही त्या वाटेने शेवटपर्यंत गेलो आणि परत आलो. सगळ्या वाटेत ते एकदाही कशाला धरून बसले नाहीत. टेकडीपाशी गाडी थांबवली तेव्हा मला म्हणाले, "मी काय सांगितलं होतं तुला?" मी मान हलवली. माझा कान पूर्ण वेळ गिअरबॉक्सकडे होता.

ते वर्षभरात गेले. गाडीचं पुढे काय झालं मला माहीत नाही, मी तोपर्यंत दुसऱ्या नोकरीला लागलो होतो. माउंटखाली रबर असतं. महिनोन् महिने वजन पेलून ते दबतं, आणि नीट आवळलेला बोल्टसुद्धा सैल पडतो. हे खरं आहे, मी शिकलो आहे. पण दीड फेरा सैल पडेल इतकं ते दबतं का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही, आणि आज मी आहे त्या गॅरेजमध्ये रोज तसे दहा माउंट बदलले जात असताना एकही मोजून पाहिलेला नाही.