जीपच्या पोटाखालची काहील

आमची जीप वरून बघणाऱ्याने दृष्ट काढावी आणि खालून बघणाऱ्याने तोंड फिरवावं, अशी होती. मला ती जास्त करून खालूनच बघायला मिळाली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धुळ्याला एका लिलावात ती घेतली. चारही चाकांनी ओढणारी गाडी एरंडोल तालुक्यातल्या आमच्या गावात ही पहिलीच. आबा येईल-जाईल त्याला सांगत, जिथं बैल जातो तिथं ही जाईल. जायचीच ती. फक्त बैलाचं पोट दगडाला घासत नाही, हिचं घासायचं.

इंजिनाच्या तळाला तेलाचं चेंबर असतं. आमच्या जीपचं चेंबर पातळ पत्र्याचं आणि असं खाली लोंबलेलं, की वाटेतल्या प्रत्येक दगडाला ते भेटूनच पुढं जाई. एक बारीक ठोका ऐकू यायचा, आणि मागे वळून पाहिलं की वाटेवर काळी रेघ. त्यानंतर इंजिन चालवायचं नाही, गाडीखाली शिरायचं, चिरेवर कपड्यांचा साबण दाबायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. साबणाने तेल थांबत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. देवाच्या नावाबद्दल बोलत नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्ये आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात, आणि त्या सणाला लग्न झालेली लेक माहेरी आलीच पाहिजे. झोक्यावर बसायचं, गाणी म्हणायची, आमरसाबरोबर खापरावरची पुरणपोळी खायची. मात्र ती आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो, तो मुराळी. आमच्या घरातला मुराळी मी.

माझी धाकटी बहीण दिलेली चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. डांबरी रस्ता संपतो तिथं नदी, उन्हाळ्यात कोरडी, आणि नदीपलीकडे तिच्या गावापर्यंत दगडांतून जाणारी गाडीवाट. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी ऐटीत जीप घेऊन निघालो आणि नदीतल्याच एका दगडाने चेंबर फोडलं. साबण, देव, सगळं करून झालं. शेवटी पायी तिच्या घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. ती नवी साडी नेसून, गाठोडं मांडीवर घेऊन ओसरीवर बसली होती. तिचे सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणत, मला म्हणाले की दिवेलागणीनंतर सून घराबाहेर पडत नाही, आणि उद्या तर सणच आहे. तिने गाठोडं आत नेऊन ठेवलं. मला पाणी दिलं.

पुढच्या वर्षी आखाजीच्या आधी तिचा निरोप आला. भाऊला येणं जमणार नसेल तर आधीच कळवा, म्हणजे मी गाठोडं बांधणार नाही. त्याला नानांनी आपली पुरवणी जोडली होती. आता घरात तान्हं बाळ आहे. वैशाखाच्या उन्हात बैलगाडी नाही, एसटीची गर्दी नाही. घरापासून घरापर्यंत मोटार येणार असेल तरच सून आणि नातू निघतील.

म्हणजे आता माझ्या बहिणीची आखाजी त्या पातळ पत्र्याला टांगलेली.

एरंडोलला एक वेल्डिंगवाला मिस्त्री होता. त्याला अडचण सांगितली की ती पुरी व्हायच्या आत तो उपाय सांगून मोकळा होई. मी चेंबर म्हणालो आणि तो काहील म्हणाला. गूळ शिजवायची लोखंडी काहील, बूड जाड, वर्षानुवर्षं चुलाणावर भाजून कडक झालेलं आणि खालून गुळगुळीत. त्या बुडाचा तुकडा कापायचा आणि चेसिसच्या दोन दांड्यांना बोल्टांनी आवळायचा. दगड आला की गाडी त्याच्यावरून होडीसारखी सरकेल. मला ती होडी डोळ्यांपुढं दिसली. काहील मीच शोधून आणली, एका बंद पडलेल्या गुऱ्हाळातून, आणि डोक्यावर घेऊन मिरवली.

मिस्त्रीने ती बसवली. मग मी विचारलं, चेंबरमधलं तेल बदलायचं झालं तर त्याचा बोल्ट खोलायचा कसा? मिस्त्रीने मान डोलावली, गाडीखाली उताणा शिरला, माप घेतलं आणि बाहेर येऊन पत्र्याला सुरेख गोल भोक पाडलं. भोक डाव्या बाजूला पडलं. बोल्ट उजवीकडे होता. उताणं पडल्यावर डावं-उजवं बदलतं, हे त्याने मला असं समजावलं, जणू ते भोक मीच पाडलं होतं.

दुसरं भोक पाडून आम्ही गाडी पद्मालयाच्या वाटेवर नेऊन पाहिली. दगड लागले, चेंबर वाचलं, पण आवाज असा, की भांड्यांचं दुकान जिन्यावरून गडगडत येतंय. वाटेतली माणसं आधीच रस्ता सोडून बांधावर जाऊन उभी राहत. बाळ ह्या आवाजात झोपेल कसं, हा प्रश्न आबांनी काढला आणि उत्तरही त्यांनीच दिलं. आमच्या घरात एक खोली कापसाने भरलेली असे, भाव वाढायची वाट बघत. कापूस पिकवणाऱ्या माणसाला जगातल्या प्रत्येक फटीवर कापूस हाच उपाय सुचतो. आबांनी पाटीभर कापूस आणला आणि चेंबर आणि काहील यांच्यामध्ये स्वतःच्या हातांनी, गादी भरावी तसा, ठासून भरला.

आवाज गेला. आबा पुढं बसले आणि आम्ही गावाबाहेर चक्कर मारायला निघालो. गाडी अशी शांत चालली की आबांना डुलकी लागली. जुनं इंजिन कुठून ना कुठून तेल गाळत असतंच. कापूस ते पीत होता आणि बाजूला सायलेन्सरचा नळ तापत होता. आधी खरपूस वास आला, मग आमच्या पायांतून धूर. जीप थांबवून मी बाहेर उडी मारली. आबा मात्र सावकाश उतरले आणि म्हणाले, "कापूस चांगला होता रे, पहिल्या वेचणीचा." मी मातीच्या ओंजळी मारून तो विझवत होतो.

आखाजी आली तोंडावर. मिस्त्रीने जळका कापूस खरवडून काढला, टायरच्या पट्ट्या घालून आवाज दाबला, आणि आता आबांच्या हट्टावरून काहिलीची पुढची कड खाली वाकवून तिथं फट ठेवली. इंजिनाला हवा लागली पाहिजे, परत धूर नको. फट चांगली हातभर रुंद. मी जमिनीवर पालथा पडून समोरून बघितलं तर जीपने जबडा उघडल्यासारखा दिसत होता. मला ते तेव्हा छानच वाटलं.

सणाच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. नदीत उतरलो. मागच्या वर्षीचा तो दगड तिथंच होता, मी त्याला ओळखलं. खाली दणका बसला, काहील करकरली, गाडी सरकली आणि पलीकडे चढली. मी उतरून आडवा झालो आणि चेंबरवरून हात फिरवला. कोरडं ठणठणीत. तिथून बहिणीच्या दारापर्यंत किती दगड लागले कुणास ठाऊक, मी एकालाही चुकवलं नाही.

नानांनी गाडीभोवती फेरी मारली, वाकून खाली पाहिलं आणि सुनेला निघायची परवानगी दिली. मात्र नदीपर्यंत ते स्वतः येणार होते, नातवाला धक्के बसतात का ते बघायला. परत चालत यायचं म्हणून छत्री घेऊन ते पुढं बसले. मागे बहीण, मांडीवर बाळ. ती हसत होती. गाठोडं पायाशी होतं आणि ते ती अधूनमधून चाचपून बघत होती.

नदीच्या काठावर नाना म्हणाले, दगडांतून नको, पोराची मान हलते. बाजूनं वाळू आहे, मऊ आहे, तिकडून घे. मलाही ते पटलं. मी वाळूत गाडी घातली.

त्या जबड्याने मग तोंड भरभरून वाळू खाल्ली. काहील आणि चेंबर यांच्यामध्ये वाळू गच्च बसली, पुढं ढीग झाला आणि गाडी अख्ख्या पोटावर बसली. चारही चाकं जोरात फिरत होती, अगदी लिलावात सांगितल्याप्रमाणे, आणि गाडी तसूभर हलत नव्हती. नाना खाली उतरले. त्यांनी मागे पाहिलं. आमच्या मागे नांगरटीसारखा रुंद पट्टा पडला होता.

"हाई गाडी शे का वखर?" त्यांनी विचारलं.

मी हातांनी वाळू उपसायला लागलो. एक ओंजळ काढावी तर दोन आत घरंगळत. मग ठरवलं, काहीलच काढून टाकू. पाना घेऊन खाली शिरलो तर बोल्टांची डोकी सकाळच्या दगडांनी घासून गुळगुळीत करून टाकलेली. पाना कशावर बसणार? चेंबर माझ्या नाकासमोर होतं, शाबूत, ओरखडासुद्धा नाही. त्याला बुक्की मारावीशी वाटली. मारलीही. हाताला लागली.

वर नानांचा आवाज चढला होता. ऊन वाढलं, पोर लाल झालं, चल, मागे फिर, गावात जाऊ. मी खालून पाहिलं तर बहिणीची पावलं गाडीतून उतरली. एका हाताने बाळावर पदर, दुसऱ्या हातात गाठोडं. पावलं गावाकडे वळली नाहीत.

"मी मांगे नही जास, नाना," ती म्हणाली. "गया साल बी मी अशीच बसनी व्हती."

सासऱ्यापुढं तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, बहुतेक नानांनीही. ती वाळू तुडवत माहेरच्या बाजूचा काठ चढली आणि डांबरी रस्त्याच्या कडेला एका करंजाच्या सावलीत बसली. आता परत बोलवायचं तर नदीपलीकडे ओरडावं लागणार, आणि नाना सुनेवर लोकांदेखत ओरडणाऱ्यांतले नव्हते. मी गाडीखालून बाहेर आलो. म्हणालो, नाना, मी तिला एसटीने घेऊन जातो.

"आनि हाई भंगार?" नाना म्हणाले. "रातले कोनी चाकं काढी लई जाई." मग छत्री उघडून त्यांनी धोतराचा सोगा वर खोचला. "तू आठेच ऱ्हाय. मी जास इले लिसन."

लेकीला न्यायला माहेरचा माणूसच लागतो, पण इथं सासरचे नाना स्वतः मुराळी होऊन निघाले, आणि तेही गर्दीच्या एसटीने. लांबून मला छत्री दिसत होती. ती सगळीच्या सगळी बाळावर धरलेली होती. बस आली, बहिणीने खिडकीतून हात केला आणि ती माहेरी गेली.

आखाजीच्या दिवशी आमच्या ओसरीवर नाना लोडाला टेकून आमरस खात होते, आणि वखराची गोष्ट सांगून त्यांनी आबांना ठसका लागेपर्यंत हसवलं, असं मला नंतर कळलं. मी त्या वेळी त्यांच्या नदीत होतो. त्यांच्या घरून आलेली रसपोळी, वाळू उपसायला मागून आणलेल्या घमेल्याच्या आडोशाला बसून खाल्ली, कारण वाऱ्याने रसात वाळू पडत होती. गावातले बैल आले, दोर तुटला, बैल गेले. सणाच्या दिवशी दुसरा दोर शोधायला कुणाला सवड नव्हती.

तिसऱ्या दिवशी नाना परत आले, बसमधून उतरून काठावर उभे राहिले. पोर मजेत आहे, म्हणाले, सून झोक्यावरून खाली उतरत नाही. आणि तुमच्या घरचा रस फार गोड.

मी तोंडातली वाळू थुंकलो आणि परत गाडीखाली शिरलो.